मोजडीच्या फुलाचं खरं नाव

ही हकिकत सांगायची मी फार वर्षं टाळली. टाळणं सोपं होतं, कारण लोक मला दुसरंच काही विचारत. माझ्याकडे ऑर्किड बघायला येणारी मंडळी घरामागच्या जाळीच्या शेडमध्ये हिंडतात, चहा घेतात आणि निघता निघता त्या एका कुंडीपाशी परत जातात. "दादा, उस्मानाबादेत बसून हे तुम्ही कसं जुळवलंत?" मग मी पाण्याबद्दल बोलतो. आमच्या विहिरींच्या पाण्यात चुना फार, त्यामुळं पावसाचं पाणी धरून ठेवावं लागतं, हे सांगतो. घाटावरच्या हिवाळ्यातल्या थंड रात्री या झाडांना मानवतात, तेही सांगतो. त्यातलं काहीच खोटं नसतं. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

ते फूल मी जुळवलेलं नाही. आणि त्याला जे नाव आहे, माझ्या आईचं, ते त्याचं नाव नाही.

ज्यांना या फुलांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑर्किडमध्ये एक घराणं असं आहे की त्याच्या फुलाची खालची पाकळी पाकळीसारखी राहत नाही. ती फुगून पुढं येते आणि मोजडीच्या चवड्यासारखी दिसते. म्हणून इंग्रजीत त्यांना स्लिपर ऑर्किड म्हणतात. आमच्या गावात जोड्याचं फूल म्हणत. खासी डोंगरात, भूतानकडं, त्रावणकोरच्या माथ्यावर यांच्या रानटी जाती सापडतात. हौशी माणसं दोन जातींचे पराग जुळवून तिसरंच फूल तयार करतात. बी पेरल्यापासून फूल यायला वर्षांमागून वर्षं जातात, आणि बरीच रोपं वाटेतच मरतात. म्हणून या छंदात एक रीत आहे: नवी जोडी जो जुळवेल, त्यानं फुलाला नाव द्यायचं. ते नाव एकदा नोंदलं की पुढं जगभर तेच चालतं. बदलता येतं का, हे मी अलीकडं विचारून पाहिलं. नाही येत.

निजामाच्या अमदानीत मी आमच्या जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मूळचा बेंबळीचा, घरची शेती. उर्दू शाळेत चार इयत्ता बऱ्या गेल्या म्हणून नोकरी मिळाली. बाटलीत मिक्श्चर भरायचं, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, मलम घोटायचं, हे माझं काम. डॉक्टरसाहेब परभणीकडून बदलून आलेले, उंच, अबोल. आल्याबरोबर त्यांनी मला बोलावून विचारलं, येडशीच्या स्टेशनावरून एक पार्सल आणशील का, सांभाळून. येडशीला बार्शीकडची छोटी गाडी येई. मला वाटलं, औषधाच्या बाटल्या असतील.

पेटी हलकी होती. साहेबांच्या बंगल्यात मागच्या ओसरीवर नेऊन ठेवली. त्या ओसरीच्या एका बाजूला बांबूच्या कामट्यांची चिक सोडलेली असे; तिच्या पलीकडं जनाना. मी पेटी फोडली. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली झाडं. एक काढून उजेडात धरलं, तेवढ्यात चिकेआडून बाईचा आवाज आला.

"उल्टा पकड़े तुम."

मी दचकून झाड सुलटं केलं.

"दवा भी ऐसीच उल्टी देते क्या लोगां को?"

"न्हाय बेगमसाहेबा, दवा बरोबर देतो."

"पट्टी तो उल्टी नहीं चिपकाते?"

आत कुणीतरी हसलं. ती घरातली म्हातारी मोलकरीण होती. ती पुढं माझी सगळी फजिती रोज ऐकणार होती. त्या दिवशी मी शिकलो की या झाडांना माती लागत नाही. विटांचा चुरा, लोहाराकडचा लाकडी कोळसा, शेवाळ आणि नेच्याची मुळं. सरकारी माळ्यानं हे ऐकून हात झटकले होते. "कुंडीत कोळसा घालायचा तर त्यावर भाकरी भाजू का?" असं म्हणून तो गेला तो परत आला नाही. म्हणून माझा नंबर लागला. दवाखाना बंद झाला की तासभर मी तिकडं जायचो. साहेबांच्या बेगम चिकेआड बसून सांगायच्या, मी इकडं करायचो.

त्यांना गाव डॉक्टरीणबाई म्हणे. दवाखान्यातले लोक बेगमसाहेबा म्हणत. काही महिन्यांनी त्याच म्हणाल्या, "आपा बोलो," तेव्हापासून मी आपा म्हणू लागलो. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. विसरलो असं नव्हे, कधी कळलंच नाही. त्या घरात बाईचं नाव बाहेरच्या पुरुषासमोर घेत नसत, आणि त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं. आमच्या बेंबळीतही सून नवऱ्याचं नाव घेत नसे. मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. आवाज माहीत होता, आणि हात. काही नाजूक काम असलं की चिकेच्या कडेनं हात बाहेर यायचा. साहेबांच्या पेटीतला बारीक चिमटा त्या हातात असे.

ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. उन्हाळ्यात ओसरीला वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यावर शेंदून आणलेलं पाणी मारायचं. धाराशिवचं ऊन म्हणजे दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नसे, पण त्या ओसरीवर अंग निवायचं. पावसाळ्यात पन्हाळीखाली रांजण मांडायचे आणि ते पाणी वर्षभर जपायचं. एकदा मी आळस करून विहिरीचं पाणी घातलं. दुसऱ्या आठवड्यात पानांची टोकं करपली. आपांनी काही विचारलं नाही. मोलकरणीकरवी माझ्यासाठी चहा पाठवला, आणि तो खारट होता.

"कैसा है चाय?" चिकेआडून विचारणा झाली.

"बरा आहे."

"झाडां को भी ऐसाच बरा लगा होगा."

पुन्हा कधी मी विहिरीचं पाणी घातलं नाही.

आपांचा भाऊ आसामकडं चहाच्या मळ्यावर होता, तो झाडं पाठवी. ओसरीवर खासी डोंगरातली हिरवी-तपकिरी ठिपक्यांची जात होती, संगमरवरी पानांची एक होती, केसाळ पाकळ्यांची एक होती. पण आपांचा जीव या कुठल्याच झाडात नव्हता. भिंतीकडच्या सावलीत सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यांत काही छोटी रोपं होती. त्यांना मी हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाणीसुद्धा त्या स्वतः घालायच्या, मी गेल्यावर.

त्यांची हकिकत मला पुढच्या हिवाळ्यात कळली. साहेब परभणीला असताना आपांनी दोन जाती जुळवल्या होत्या. एक त्रावणकोरची, पिवळी धमक, पाकळीच्या मधोमध गडद रेघ. दुसरी भूतानकडची, छोटीशी, पांढऱ्यावर जांभळी जाळी आणि पाकळ्यांची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी वळलेली. शेंग पिकायला वर्ष जात आलं. या बियांना बी म्हणायचं ते नावाला. नुसती धूळ असते. त्या वेळी ती धूळ आई-झाडाच्याच कुंडीत, ओल्या शेवाळावर पसरत. आपांना एक मुलगी होती, चार-पाच वर्षांची. शेंग फुटली तेव्हा ती शेजारी बसलेली. आपांनी ती धूळ तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, फुंक. मुलीनं फुंकर मारली. अर्धी कुंडीत पडली, अर्धी आपांच्या ओढणीवर.

त्याच पावसाळ्यात मुलगी तापानं गेली. डॉक्टरचं घर असून गेली, एवढंच आपा म्हणाल्या.  मी कोळसा फोडत होतो, तो फोडत राहिलो.

त्या फुंकरीतली बहुतेक धूळ वाया गेली. थोडी रोपं उगवली, त्यातली काही बदलीच्या बैलगाडीत मेली. जी राहिली ती या डब्यांत होती. पुढची काही वर्षं आम्ही दोघांनी ती वाढवली. हळूहळू मलाही हात लावायची परवानगी मिळाली. डब्यातून कुंडीत, छोट्या कुंडीतून मोठ्या. शेवटी एकाच झाडानं पानांच्या बेचक्यातून कळी काढली.

ही कळी फार छळते. महिना-दीड महिना ती वर येत राहते, पण उघडत नाही. मी रोज दवाखान्यातून धावत जायचो. "आज?" "नक्को, आज नहीं." शेवटी पौषातल्या एका सकाळी मोलकरीण स्वतः दवाखान्यात आली, रोग्यांच्या रांगेतून वाट काढत, आणि मोठ्यानं म्हणाली, "चलो कंपाउंडर, बच्ची आ गई." रांगेतल्या लोकांना वाटलं, साहेबांच्या घरी बाळ जन्मलं. दोघा-तिघांनी मला मुबारक म्हटलं.

फूल कसं होतं ते आता कुणालाही कुठल्याही यादीतल्या फोटोत दिसेल. वरची पाकळी पांढरी, तिच्यावर जांभळी जाळी आणि मधोमध एक तपकिरी रेघ. बाजूच्या पाकळ्या खाली जाऊन टोकाशी हलकेच वर वळलेल्या. मोजडी मधासारखी पिवळी. पण फोटोत त्याचं लहानपण दिसत नाही. ते पहिलं फूल तळहाताएवढंही नव्हतं.

त्याच आठवड्यात माझी आई गुडघ्याचं औषध घ्यायला बेंबळीहून आली होती. मी तिला ओसरीवर नेलं. ती फुलासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली.

"फूल म्हणावं का पायताण?" ती म्हणाली. "देवाला तर चालायचं न्हाय हे."

चिकेआडून हसू ऐकू आलं. "देव को नक्को, माँ. ये मेरे बच्ची का है."

आईला दख्खनी कळत होती, बोलता येत नव्हती. तिनं चिकेकडं तोंड वळवलं. "लेक कुठं हाय मग?"

आपांनी सांगितलं. दोघींच्या मध्ये ती चिक होती, मी बाजूला. आई चिकेला खेटून जाऊन बसली आणि कामट्यांतून हात आत जाईना म्हणून खालून, जमिनीलगत, आत सरकवला. आतून तो कुणी धरला ते मला दिसलं नाही. आईचा पहिला मुलगा, माझा थोरला भाऊ, असाच गेला होता. त्या काय बोलल्या ते मी ऐकायला थांबलो नाही.

सोलापूरला, निजामाच्या हद्दीपलीकडं, त्या दिवसांत हिवाळ्यात फुलांचं प्रदर्शन भरायचं. गिरण्यांचे साहेब, वकील, बागांचे माळी आपापले गुलाब आणि शेवंती घेऊन येत. डॉक्टरसाहेबांनीच ती बातमी घरात सांगितली. मग एका संध्याकाळी आपांनी मला थांबवून घेतलं.

"तुम लेके जाओ," त्या म्हणाल्या. "साहेबांचं नाव नको, ते सरकारी नोकर, निजामाच्या इलाख्याबाहेर बोलबाला नको. माझं तर नकोच. तुमचं लिहा. झाड कुणाचं विचारलं तर तुमचंच म्हणा."

"माझं कसं, आपा?"

"तुम्ही कोळसा फोडला ना? तुमचंच." मग म्हणाल्या, "पर फूल का नाम उसका. बच्चे का नाम लेने में कुछ नहीं होता. तेवढं एक करा. लोकांसमोर कुणीतरी तिचं नाव घ्यावं, मोठ्यानं. इथं घरात आता कुणी घेत नाही. साहेब घेऊ देत नाहीत."

त्यांनी नाव सांगितलं आणि मला ते दोनदा म्हणायला लावलं. सुंदर, छोटं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. लिहायचं तर त्या घरातल्या कुणाची तरी संमती हवी, आणि ती मागायला मला कुणी सापडलेलं नाही. शिवाय एकदा मी त्या नावाचं जे केलं, त्यानंतर ते छापायचा हक्क माझ्याकडं राहिला असं मला वाटत नाही.

कुंडी टोपलीत, टोपलीत भुसा, वरून ओलं फडकं. तुळजापुरावरून मोटार. इलाख्याच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, तिथं जकातीचा कारकून प्रत्येकाचं बोचकं उघडून बघे. त्यानं फडकं उचललं आणि दोन पावलं मागं सरला.

"ये क्या है?"

"फूल आहे साहेब."

"ये फूल है? ये तो जूता है."

"जोड्याचं फूल म्हणतात."

"जूते पर महसूल है, फूल पर नहीं." त्यानं डोकं खाजवलं. दुसऱ्या शिपायाला हाक मारली. दोघांनी वाकून, हात मागं बांधून, फूल पाहिलं. "जोड़ी है या एकच पाँव का?" शिपायानं विचारलं.

"एकच."

"तो जाने दो. एक पाँव का कौन पहनता?"

मोटारीतली माणसं हसली, मीही हसलो. सोलापूर येईपर्यंत मी त्या मुलीचं नाव मनात घोकत होतो, पाढ्यासारखं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, म्हणजे विसरलो असं कुणी माझ्या बाजूनं म्हणू नये.

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होतं. दाराशी टेबल, टेबलामागं चष्म्यातला एक गृहस्थ, हातात टाक. माझ्यापुढं-मागं रांग. माझी टोपी, माझं बोलणं, टोपलीवर चिकटलेली इलाख्याच्या मोटारीची चिठ्ठी, यावरून मी कुठला ते सगळ्यांना कळलं होतं. ते दिवस वाईट होते. आमच्याकडच्या रझाकारांच्या बातम्या रोज सोलापूरच्या वर्तमानपत्रांत येत. गावं सोडून माणसं सोलापूर-बार्शीकडं येत होती.

"निजामाच्या मुलखातला दिसतोय," मागचा एक जण दुसऱ्याला म्हणाला.

"तिकडं फुलं पण उगवतात व्हय? मला वाटलं नुसत्या तलवारीच."

"कुठल्या खानसाहेबाच्या बागेतलं आणलंस रे?"

मी मागं बघितलं नाही.  टेबलामागच्या गृहस्थानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग टाक दौतीत बुडवून तो म्हणाला, "फुलाला काही नाव?"

नाव माझ्या जिभेवर होतं. ते उच्चारलं की मागचे काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं आणि आईचं नाव बाहेर पडलं. आईवरच्या प्रेमानं नव्हे. हिंदू बाईचं जे पहिलं नाव सापडलं ते मी पुढं केलं.

"वा," गृहस्थ म्हणाला, "आपलं नाव. छान." आणि त्यानं ते वळणदार अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलं. मागचे गप्प झाले. मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही लिहायला हवं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी बक्षीस मिळालं, चांदीचा छोटा पेला. एका गोऱ्या मडमेनं तो दिला आणि फुलाचं नाव मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या.

परत आल्यावर पेला मी चिकेखालून आत सरकवला.

"नाव घेतलं?" आपांनी विचारलं. पेल्याबद्दल एक शब्द नाही.

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, आपा. मडमेनं घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मडम को बोलना आया?"

"आलं. दोनदा म्हणाली."

ते 'दोनदा' कुणी मागितलं नव्हतं. मी स्वतःहून घातलं.  मग मोलकरीण खोबऱ्याच्या वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि पदरानं डोळे पुसत माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्या वड्या मी खाल्ल्या.

प्रदर्शनाची बातमी सोलापूरच्या वर्तमानपत्रात आली होती. बेंबळीत कुणीतरी पारावर ती वाचून दाखवली आणि आईला कळलं. मी सुटीला गेलो तेव्हा ती जात्यापाशी बसली होती. तिनं जातं थांबवलं नाही.

"त्या बाईच्या लेकीचं फूल ना ते?"

मी जात्याभोवतीचं पीठ सुपात भरू लागलो.

"पायताणाला आईचं नाव दिलंस, दे. पर दुसरीच्या मेलेल्या लेकराच्या जागी बसवलंस व्हय मला? लाज वाटंना तुला?" मग हळू आवाजात, "उद्याच्याला जा आन् सांग त्यांस्नी. त्या माऊलीचा हात धरला होता म्या."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलोही. आपा नव्या कळीबद्दल बोलत होत्या, आनंदात होत्या, आणि मी कोळसा फोडून घरी आलो. आईनं नंतर कधी विचारलं नाही. पण आयुष्यभर तिनं त्या फुलाचा उल्लेख 'त्या पोरीचं फूल' असाच केला. माझ्या घरी कौतुक करायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुण्यांना वाटे, म्हातारीला भ्रम झालाय.

पोलीस अॅक्शनच्या वेळी जे झालं ते आमच्या भागातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. फौजा आल्या, निजामी गेली, आम्ही तिरंगे लावले, पेढे वाटले. आणि त्यानंतरच्या दिवसांत कित्येक मुसलमान घरांवर जे ओढवलं त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. डॉक्टरसाहेबांना कुणी हात लावला नाही. निम्म्या गावाची बाळंतपणं आणि साथी त्यांनी काढल्या होत्या. पण त्यांच्या नात्यातल्या लोकांचं ऐकून ते हैदराबादला जायला निघाले. सामान थोडं, घाई फार.

"झाडं लारीत मरतील," आपा म्हणाल्या. "तुम रखो. सब रखो."

"एखादी तरी कुंडी न्या, आपा. तिची."

"नक्को. वाटेत मेली तर मला दोनदा सोसायचं नाही. तुमच्याकडं जगेल. नाव आहे ना तिला, जगेल."

तेव्हा सांगायला हवं होतं. बाहेर लारी घुर्र करत होती, साहेब घड्याळ बघत होते, आणि मी स्वतःला म्हणालो, ही वेळ नव्हे, या बाईवर आज काय कमी आलंय. हे कारण मला इतकं चांगलं वाटलं की मी ते पुढं अनेक वर्षं वापरलं.

झाडं जगली. त्यांचे फुटवे मी वेगळे केले, मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना दिले. माझं नाव होत गेलं. काही वर्षांनी पुण्याहून वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आले. ही जोडी परदेशात रीतसर नोंदवून घेऊ, म्हणाले. जुळवणारा म्हणून तुमचं नाव, आणि फुलाचं नाव तेच ठेवायचं ना? मी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी आनंदानं दिला. मागं रांग नव्हती, कुणी टोमणे मारत नव्हतं, निजाम नव्हता. मी निवांत बसून विचार केला, आणि तेच ठेवा म्हणून कळवलं. सोलापूरला मी घाबरलो होतो असं तरी म्हणता येईल. इथं तेवढीही सोय नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. एका जुन्या सहकाऱ्याकडून हैदराबादचा पत्ता मिळवला आणि फुलाची विलायतेत नोंद झाली, एवढंच पत्रानं कळवलं. साहेब वारल्याचं कळलं. त्या हिवाळ्यात झाडाला कळी उघडली तशी मी कुंडी टोपलीत घातली. निघताना एक गोष्ट केली. कुंडीत आईच्या नावाची पट्टी खोचलेली असे. ती काढली, नवी पट्टी कापली आणि तिच्यावर त्या मुलीचं नाव लिहिलं, उर्दूत, शाळेत शिकलेल्या अक्षरात. जगात त्या फुलाची झाडं तेव्हा कितीतरी झाली होती. खरं नाव त्या एकाच कुंडीवर होतं, आणि तेही फसवायला लिहिलेलं.

जुन्या शहरातलं घर लहान होतं. चिक नव्हती. अंगणात खाटेवर एक किडकिडीत, पांढऱ्या केसांची बाई बसलेली होती. मी ओळखलं नाही, ओळखणार कसा? त्यांनीच हाक मारली. "कंपाउंडर? सीधा पकड़े ना टोकरी?"

आवाज तसाच होता. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुंडी मांडीवर घेऊन त्यांनी फूल अगदी नाकाशी नेऊन पाहिलं. मग पट्टी हाताला लागली. ती त्यांनी डोळ्यांपाशी धरली, एकेक अक्षर लावत वाचली आणि मोठ्यानं नाव घेतलं. शेजारच्या खोलीतून भावाची सून बाहेर आली, काय झालं म्हणून.

"देख," आपा तिला म्हणाल्या, "मेरी बच्ची. विलायत तक जाती इसके नाम से." मग माझ्याकडं वळून, "आता सगळीकडं याच नावानं ओळखतात ना? बाहेरचे लोक पण?"

मी धाराशिवहून येताना वाक्य तयार करून आणलं होतं. गाडीत ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "हौ, आपा."

आम्ही जेवलो. गावातल्या लोकांची चौकशी झाली. माझ्या आईची झाली. आई गेल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "उनका हाथ बहुत गरम था." दुपार कलली. निरोप घेऊन मी दारापर्यंत गेलो आणि वळलो. त्या कुंडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी म्हणालो, "आपा, एक सांगायचं होतं."

"बोलो."

"पाणी बेतानं घाला. नळाचं नको."

"मेरे को सिखाते?" त्या हसल्या.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं ठरवलं होतं. त्याआधीच त्या गेल्याचं कळलं. कुंडीचं काय झालं ते विचारायला मी गेलो नाही.

जे वाक्य मी त्या अंगणात नेलं आणि तसंच परत आणलं, ते असं होतं: आपा, तिचं नाव कुणीच घेतलं नाही; सोलापूरला मला ते घ्यायची लाज वाटली, नंतर खरं सांगायची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तुमची मुलगी मी माझ्या घरच्या नावाखाली पुरली. मला माफ करा.